हळूताईंचं शांत पाळणाघर

माझा सगळा जन्म बसमध्ये ओरडण्यात गेला. "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे!" हे मी नोकरीत इतक्या वेळा म्हटलं की निवृत्त झाल्यावर घरात जेवायला बसतानाही तोंडातून निघायचं. कंडक्टरला हळू बोलून चालत नाही. मागच्या दाराशी लटकलेल्याला ऐकू कसं जाणार? बायको होती तोवर म्हणायची, तुम्ही मला गुपित सांगता आणि शेजारचे मान डोलावतात.

असा माणूस नातीला पोचवायला पहिल्यांदा त्या पाळणाघरात गेला. मुलगा परगावी नोकरीला, सून औषधांच्या कारखान्यात तपासणीच्या कामावर, तेव्हा नातीला दिवसभर कुठेतरी ठेवणं भाग होतं. हे पाळणाघर मीच शोधून काढलं होतं. बँकेच्या रांगेत जो तो त्याचंच कौतुक करत होता. मी दार ढकललं आणि आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "आहे का कुणी?"

आतून एक बाई ओठांवर बोट ठेवून लगबगीने आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, केस घट्ट बांधलेले, पायात कापडी सपाता. "हळू," त्या म्हणाल्या. रागाने नाही, अगदी मायेने. पण मी, ज्याने भल्याभल्या फुकट्यांना भर रस्त्यात बसमधून खाली उतरवलं होतं, तो मुकाट गप्प झालो.

मला वाटलं, मुलं झोपली असतील. त्यांच्या खांद्यावरून आत डोकावलो तर खोली भरून मुलं जागी! एक जण तांब्यातून पेल्यात पाणी ओतत होता, थेंब न सांडता. दोघी जणी मोठी बटणं एका डब्यात आणि लहान दुसऱ्यात टाकत होत्या, आणि डब्याच्या तळाशी कापड घातलेलं, म्हणून बटण पडल्याचाही आवाज नाही. लाकडी ठोकळ्यांना खालून मऊ लोकरीचा नमदा चिकटवलेला. खुर्च्यांच्या पायांत मोजे. हो, मोजे! लहान मुलांचे, जुने, रंगीबेरंगी. मी तोंडात बोट घातलं. एवढी मुलं एका खोलीत आणि घड्याळाची टिकटिक ऐकू येते, हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

त्या बाईंना सगळा परिसर हळूताई म्हणायचा. दारात कुणीही आलं की त्या म्हणायच्या, "हळू." दूधवाल्याला, दिव्याचं बिल देणाऱ्याला, मांजरालासुद्धा. त्यांचं खरं नाव बहुधा त्यांनाही आठवत नसावं.

आणि काळजी घेणं कसं, तर नजर लागावी असं. प्रत्येक मुलाचा वेगळा पेला, त्यावर त्याचं त्याचं चित्र. हात धुवायची बेसिनं मुलांच्या कमरेएवढी. मुलाशी काही बोलायचं तर ताई आधी जमिनीवर बसायच्या, मग त्याच्या डोळ्यांत बघून कानाशी कुजबुजायच्या. कुणाचं नाक वाहतंय, कुणाला शू लागलीय, कुणाची झोप झाली नाही, हे त्यांना आधीच कळायचं. कसं कळायचं देव जाणे. मूल रडायच्या आत त्या तिथे हजर. त्यांच्या हाताखाली एक मावशी होत्या, अंगाने भारदस्त आणि स्वभावाने धांदरट, पण त्यासुद्धा तिथे मांजरीच्या पावलांनी चालायच्या.

मी फार आत गेलो नाही कधी. माझ्या आवाजामुळे मला उंबऱ्याच्या आत फारसा प्रवेशच नव्हता. दुपारची झोप झाली की मी दारात उभा राहायचो, ताई ठमीला आणून द्यायच्या, आणि आम्ही आजोबा-नात घरी यायचो. ठमी म्हणजे आमची नात. कागदावरचं नाव वेगळं आहे, पण गोल गोल डोळे करून बघत उभी राहायची म्हणून मी तिची ठमी केली.

ठमीची एकच काळजी होती. ती बोलत नव्हती.

तिच्या वयाची शेजारची पोरं दिवसभर चिवचिवाट करायची. ही एक अक्षर बोलत नव्हती. सांगितलेलं सगळं कळायचं. चप्पल आण म्हटलं की आणायची, चेंडू कुठेय म्हटलं की पलंगाखाली वाकायची. पण तोंडातून आई नाही, बाबा नाही, आबा नाही. रडणंही बेताचंच. डॉक्टरांनी कान तपासले, घसा बघितला, म्हणाले, "सगळं उत्तम आहे. बोलेल." मी सुनेला म्हणायचो, "अगं, माझी नात आहे. एकदा सुरू झाली की तोंडाचा पट्टा थांबायचा नाही." सून हसायची, पण ते हसू ओठांपुरतंच. कारखान्यातून दमून आली की ठमीला समोर बसवायची आणि म्हणायची, "म्हण, आई. आ-ई." ठमी लक्ष देऊन तिच्या ओठांकडे बघायची. बास. मग सून उठून न्हाणीघरात जायची आणि नळ सोडायची. नळ कशाला सोडलाय हे मला कळायचं.

घरात ठमीचा एकच खेळ होता. मध्येच हात वर करायची, पंजा उघडा, आणि माझ्याकडे बघायची. मी टाळी द्यायचो. ती पुन्हा हात वर करायची, मी पुन्हा टाळी द्यायचो. कधी सून द्यायची. शेजारीपाजारी आले की मी मुद्दाम दाखवायचो, बघा आमची ठमी कशी टाळी मागते.

त्या दिवशी मला उशीर झाला. माझ्या मित्राच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्याला बघायला गेलो, आणि दोन कंडक्टर भेटले की काय होतं ते सांगायला नको. पाळणाघराशी पोचलो तेव्हा बहुतेक मुलं घरी गेली होती. ताई दारात आल्या, माझ्या मागे बघितलं, आणि कुजबुजल्या, "काही विसरलं का तिचं?"

"कुणाचं?"

"ठमीचं. तुम्ही मघाशीच नेलीत ना तिला?"

"मी आत्ता येतोय, ताई."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मावशी मागून आल्या, त्यांनी ऐकलं, आणि त्या मटकन खुर्चीतच बसल्या. मी रोज झोपेनंतर लगेच येतो. गाद्या उचलल्या, ठमी दिसली नाही, मावशींना वाटलं ताईंनी मला दिली, ताईंना वाटलं मावशींनी दिली. इतकं साधं.

मग आम्ही शोध शोध शोधलं. मोरी, जिना, मागचं अंगण, पाण्याची टाकी. टाकीचं झाकण मीच उघडलं. आत बघायचं होतं आणि बघवत नव्हतं. टाकीत नुसतं पाणी होतं. रस्त्यावर धावलो. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारलं, त्याने सामान टाकून गल्लीच्या टोकापर्यंत पळत जाऊन बघितलं. आणि मी ओरडत होतो. आयुष्यभराची कमाई पणाला लावून ओरडत होतो, "ठमे! ठमे गं! कुठेयस बाळा?" खिडक्या उघडल्या. लोक बाहेर आले. पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याने मशीन थांबवून विचारलं काय झालं. एवढा आवाज. पण पोरीचा आवाज कुठून येणार? मनात एकच, हिला हाकसुद्धा मारता येत नाही. कुणी उचलून नेली तरी ही तोंड उघडणार नाही.

शेवटी मावशींना आठवलं. गाद्यांची खोली.

ती खोली म्हणजे आतल्या भिंतीतलं कोठार. खिडकी नाही. मुलांच्या गाद्या घडी करून तिथे ठेवायच्या आणि मुलं जाऊन लपू नयेत म्हणून बाहेरून कडी घालायची. मावशींनी कडी काढली. दार उघडलं.

ठमी समोरच होती. दारापासून हातभर अंतरावर, जमिनीवर, मांडी घालून. रडत नव्हती, घाबरलेलीही दिसत नव्हती. तिचा एक हात वर होता, पंजा उघडा. तो दमला होता म्हणून दुसऱ्या हाताने तिने कोपर खालून धरून ठेवलं होतं.

ती आत बसून सगळं ऐकत होती. माझी प्रत्येक हाक तिने ऐकली होती. त्या दाराच्या पलीकडून मी तिच्या नावाने गळा फाडत चार वेळा तरी गेलो असेन, आणि ही अंधारात हात वर करून बसली होती.

मी तिला उचलून छातीशी घट्ट धरली. जीव भांड्यात पडला, आणि तोंडातून काय निघावं? "बघा, एवढ्यातही टाळी मागतेय!" आणि मी खरंच तिच्या पंज्यावर टाळी दिली.

"आजोबा, नको," ताई म्हणाल्या.

त्या गाद्यांच्या ढिगावर बसल्या होत्या. त्यांना धाप लागली होती. "टाळी नाही मागत ती. मला बोलावतेय."

"म्हणजे?"

"काही हवं असलं की हात वर करायचा. मी येते. इथे सगळी मुलं तसंच करतात. पाळण्यात असतात तेव्हापासून मी शिकवते."

मला ते डोक्यात शिरायला वेळ लागला. इतके महिने माझी नात घरी हात वर करत होती. तहान लागली असेल. पोटात दुखत असेल. आईच्या मांडीवर बसायचं असेल. आणि आम्ही काय केलं? टाळी दिली. तिने पुन्हा हात वर केला, आम्ही पुन्हा टाळी दिली. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं!

त्या दिवशी ताईंनी मला बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं. मावशी ठमीला दूध पाजत होत्या. ताई तेव्हाही कुजबुजतच बोलत होत्या, पण त्या कुजबुजीला धड आकार नव्हता.

लग्नानंतर लवकरच ताईंच्या नवऱ्याने दुसरा घरोबा केला. यांना कुठे थारा नव्हता. दोन खोल्या मिळाल्या, पण वरच्या मजल्यावर छापखान्यातले कामगार राहायचे, रात्रपाळीचे. ते दिवसा झोपायचे. घरमालकाने बजावलं, पाळणाघर काढा नाहीतर काहीही काढा, वरून एकदा जरी तक्रार आली तरी त्याच दिवशी सामान बाहेर. "पहिलं मूल आलं तेच रडकं," ताई म्हणाल्या. "भोकाड पसरलं की वरून काठी आपटायचे. माझी पाचावर धारण बसायची. मग मला सुचलं. ते रडायच्या आतच आपण पोचायचं. हात हलला की मी जवळ. पुढे पुढे त्यालाच कळलं, हात वर केला की ही येते. मग रडायचं कशाला? तो रडायचा थांबला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मला वाटलं, मी मुलांना रडण्यापासून सोडवलं."

"आणि मग?"

"मग इथे आले. वर कुणी नाही, भिंतीला लागून कुणी नाही. पण तोवर लोक त्या शांततेसाठीच माझ्याकडे मुलं ठेवायला लागले होते. आणि खरं सांगू का? मलाही ती आवडायची. मी कधी एकाही मुलाला ताटकळत ठेवलं नाही, आजोबा. एकाही मुलाला नाही. हात वर आणि मी हजर."

ते खरंच होतं. तेच तर वाईट होतं. ही बाई दुष्ट असती तर मला चार शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं. तिने जन्मभर मुलांना एवढं जपलं, आणि आपण नसू तेव्हा काय, एवढा एक विचार तिच्या मनात कधी डोकावलाच नाही.

संध्याकाळी सुनेला सांगितलं. ती उभी होती ती भिंतीला टेकली. तेवढ्यात ठमीने जमिनीवर बसल्या बसल्या हात वर केला. सवयीने माझा हात पुढे गेला आणि मी तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. सून तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "काय हवं बाळा? पाणी? दूध? कडेवर?" ठमी बघत राहिली. तिला काय हवंय ते आम्हाला ओळखता येईना. ताईंना आलं असतं. सुनेने पाणी आणलं, खेळणं आणलं, तिला उचललं. तिचा हात वरचा खाली येईना. शेवटी कळलं, पायातला मोजा टोचत होता.

"उद्यापासून नाही पाठवायची," सून म्हणाली. "पण आधी मला त्या बाईंना भेटायचंय."

भेटायचंय म्हणजे काय ते तिच्या स्वरावरून कळत होतं. दुसऱ्या दिवशी ती कामावर उशिरा येते असं कळवून माझ्याबरोबर आली, आणि दारात ताईंनी ओठांवर बोट ठेवायच्या आधीच तिने तोंड उघडलं. "तुम्हाला माहितेय माझी मुलगी..."

"ओरडा," ताई म्हणाल्या. "पण त्याआधी दोन मिनिटं माझ्याबरोबर या. मला एकटीला बघायची हिंमत होत नाहीये."

त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. मावशींनाही बोलावून घेतलं. दार लोटून फट ठेवली. आम्ही चौघं, सुनेच्या कडेवर ठमी, त्या फटीतून बाहेर बघत उभे राहिलो. खोलीत आता एकही मोठं माणूस नव्हतं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मुलं खेळत होती. मग एका चष्मेवाल्या पोराचा ठोकळा कपाटाखाली गेला. त्याने हात वर केला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, हात वरच. मग एका मुलीला बहुधा शू लागली, तिचाही हात वर. पाय आवळून उभी राहिली बिचारी. एक अगदी तान्हं, धड बसताही न येणारं, त्यानेही मूठ वर उचलली. आणि मग जे झालं ते मी जिवात जीव असेतो विसरणार नाही. ज्यांना काहीच नको होतं ती मुलंही हात वर करू लागली. शेजारच्याचं काम होत नाही म्हणून त्याच्यासाठी. एकामागून एक, सगळी खोली हात वर करून, दाराकडे तोंड करून उभी. त्यातल्या एकालाही हाक मारायचं सुचलं नाही. सुनेने माझा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली.

ठमीनेही, तिच्या कडेवरून, हात वर केला.

त्या मुलीच्या पायाखाली ओलं झालं आणि ताईंना राहवलं नाही. त्या धावल्या. तिला कुशीत घेऊन जमिनीवर बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. पण तेही आवाज न करता.

सून भांडायला आली होती. ती नुसती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "इथून किती मुलं गेली असतील, ताई?"

"शाळेत सगळे कौतुक करतात त्यांचं," ताई म्हणाल्या. "म्हणतात, किती गुणी, कधी काही मागत नाहीत."



सुनेने ठमीला काढली नाही. काढणार होती, पण तिचं म्हणणं असं की नव्या ठिकाणी हिच्या हाताकडे बघणारंसुद्धा कुणी नसेल. महिनाअखेरपर्यंत बघते, म्हणाली. तिच्या कारखान्याशेजारी दुसरं पाळणाघर होतं, तिथे तिने बोलून ठेवलं होतं.

ताईंनी काय करावं? त्यांनी खुर्च्यांचे मोजे काढले. ठोकळ्यांचा नमदा खरवडला. आणि मला बोलावणं धाडलं. "आजोबा, तुम्ही आत या," म्हणाल्या. "तुमच्याइतकं मोठ्याने बोलणारं मला दुसरं कुणी माहीत नाही." असा मान मला खात्यानेही कधी दिला नव्हता.

मी खुर्च्या एकामागे एक लावून बस केली. मी कंडक्टर. मुलं प्रवासी. "पुढे सरका!" मी गरजलो आणि पहिल्या दिवशी अर्धी बस ताईंमागे लपली. नियम एकच, उतरायचं असेल तर "थांबा" म्हणायचं, कारण कंडक्टर पाठमोरा आहे, त्याला हात दिसत नाही. पाठ फिरवून उभं राहणं सोपं नव्हतं हो. मागे सगळे हात वर आहेत हे मला माहीत असायचं. ताईंचं तर त्याहून कठीण. त्यांना मी सांगितलं होतं, हात दिसला की जवळ जा, पण काही देऊ नका, हाकेची वाट बघा. त्या जवळ जायच्या, मुलासमोर बसायच्या आणि आपले दोन्ही हात स्वतःच्या काखेत दाबून धरायच्या. कपाळावर घाम यायचा. दुष्टपणा करायला त्यांना माझ्यापेक्षा जास्त मेहनत पडत होती.

सगळ्यात आधी चष्मेवाला बोलला. "थां." एवढंच. ताई एवढ्या दचकल्या की त्यांच्या हातातलं भांडं पडलं, आणि त्या घरात पहिल्यांदा भांडं पडल्याचा आवाज झाला. सगळी मुलं हसली. मग एकेकाला कंठ फुटला. "मला!" "आधी मी!" "ताई, हा बघा ना!" पुढच्या पंधरवड्यात तिथे इतका गोंगाट झाला की किराणावाला म्हणाला, "आजोबा, हे पाळणाघर आहे की मासळीबाजार?" दोघा पालकांनी मुलं काढून घेतली. म्हणाले, आम्ही शांततेसाठी घातली होती. ताईंनी त्यांना समजवायचा प्रयत्न केला, ते ऐकून न घेता निघून गेले.

आणि ठमी? ठमी बसमध्ये शेवटच्या खुर्चीवर बसून राहायची, हात वर. सगळे उतरले, तरी ही बसमध्येच. शेवटचा थांबा आला तरी ही उतरत नव्हती. मी घरी येऊन सुनेला खोटं सांगायचो, आज ओठ हलवले, आज काहीतरी पुटपुटली. सून माझ्याकडे बघायची आणि उठून कामाला लागायची.

महिना संपला. सून तिला न्यायला आली. ठमीचा पेला, कपडे, छोटी गादी, सगळं तिने पिशवीत भरलं. ती ताईंशी नीटच बोलली. "तुम्ही खूप केलंत," म्हणाली. आम्ही फाटकाबाहेर पडलो. ठमी माझं बोट धरून चालत होती. पाचपन्नास पावलं गेलो असू, ती थांबली. बोट सोडवून घेतलं. मागे वळली आणि दारात उभ्या ताईंकडे बघून हात वर केला.

ताई जागच्या हलल्या नाहीत. मी बघत होतो. त्यांनी दोन्ही हात काखेत दाबले होते आणि त्यांचं सगळं अंग पुढे येऊ बघत होतं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. सून म्हणाली, "ताई, या ना, शेवटचं घ्या तिला." ताईंनी मान हलवली, नाही. मला वाटलं ओरडून सांगावं, अहो या, गेलं खड्ड्यात तुमचं शिकवणं! पण माझा, माझा आवाज फुटेना.

ठमी वाट बघत राहिली. हात दमला, तसा तिने दुसरा हात कोपराखाली लावला. बराच वेळ. मग तिने स्वतःच्या पंज्याकडे बघितलं, मोडलेल्या खेळण्याकडे बघावं तसं. तो खाली घेतला.

"ये!"

मी उडालोच. घोगरा, जाड, थेट माझा आवाज. एवढ्याशा पोरीच्या गळ्यातून!

ताई धावत सुटल्या. सपाता एक इकडे, एक तिकडे. आणि त्या ओरडत होत्या, "आले! आले गं! आले!" सुनेच्या हातातली पिशवी पडली, तीही झेपावली, तिने अडीच वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो तिच्यासाठी नव्हता आणि तिचं तिकडे लक्षही नव्हतं. दोघी एकाच वेळी पोचल्या आणि एकमेकींवर आदळल्या.

ठमीने त्या दोघींकडे आळीपाळीने बघितलं. तिला आमच्यापेक्षा जास्त धक्का बसला होता. तोंड उघडंच. मग ती रस्त्याकडे वळली आणि पुन्हा, आणखी जोरात ओरडली, "ये!"

एक सायकलवाला जात होता, तो ब्रेक दाबून थांबला. किराणावाला दुकानाच्या पायरीवर आला. मावशी ओल्या हातांनीच बाहेर पळत आल्या, त्यांच्यामागे चष्मेवाला आणि सगळी बस. ठमी बघत होती, कोण कोण येतंय ते. मी तर तिच्या शेजारीच उभा होतो, तरी मीही एक पाऊल पुढे गेलो.